मीठ राजाचं, मत पार्लमेंटचं

काका एका पक्षात, पुतण्या दुसऱ्या पक्षात आणि दोघांचे वाढदिवसाचे फलक एकाच चौकात, याची आपल्याला आता सवय झाली आहे. घर फुटलं की आपण दोनच प्रश्न विचारतो. खरंच फुटलं की ठरवून फुटलं? आणि इस्टेट कुणाकडे राहिली?

१६४२ साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा तिथेही अनेक घरांबद्दल हेच विचारलं जात होतं. मला त्या घरांची आठवण झाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात केवळ वारसाहक्काने बसणाऱ्यांच्या उरल्यासुरल्या जागा काढून टाकण्याचं विधेयक २०२४ मध्ये मांडलं गेलं. त्या बातम्या वाचून माझ्या एका स्नेह्यांनी विचारलं, "हे सर, लॉर्ड, बॅरोनेट, जेंट्री... सगळे एकाच माळेचे मणी ना?"

नाही. पण फरक सांगायला कोरड्या व्याख्यांपेक्षा एखादं घर हाताशी असलेलं बरं. मी घेतलं आहे बकिंगहॅमशायरमधल्या क्लेडनचं व्हर्नी घराणं. ते काही फार मोठं नव्हतं आणि त्याने कुठला इतिहासही बदलला नाही. पण या लोकांनी कागद फेकले नाहीत. सतराव्या शतकातलीच तीस हजारांहून जास्त पत्रं त्यांच्या घरात साठली. त्यामुळे त्या काळातला राजकारणी सभागृहात काय बोलला एवढंच नव्हे, तर त्याच्या घरातल्या गाद्या कुणी कुरतडल्या तेही आपल्याला कळतं.

जेंट्री म्हणजे नेमके कोण?

वर राजा. त्याखाली ड्यूक, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन वगैरे सरदार. हे लॉर्ड. यांना लॉर्ड्स सभागृहात बोलावणं असायचं आणि ते बापाकडून मुलाकडे जायचं. त्यांच्याखाली, पण शेतकरी-कारागिरांच्या बरेच वर, जो जमीनदारांचा थर होता तो जेंट्री. शंभर माणसांत ढोबळमानाने दोनेक. जमीन कुळांना लावायची, खंडावर जगायचं, स्वतः नांगराला हात लावायचा नाही, आणि परगण्याचा न्यायनिवाडा, करवसुली, शिपाईभरती बिनपगारी बघायची. पार्लमेंटच्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे 'कॉमन्स'मध्ये, बहुतेक हेच बसायचे. नाव सामान्यांच्या सभागृहाचं, पण खुर्च्या जमीनदारांच्या.

आपल्याकडे देशमुख-इनामदार म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्याच्या जवळपास हे जातं. पण एका ठिकाणी तुलना साफ मोडते. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा पडायच्या, भाऊ वाढले की वाटे वाढायचे. इंग्लंडात जमीन जवळजवळ सगळी थोरल्याला. बाकीच्यांना ठरावीक नेमणूक, मुलींना हुंड्याची रक्कम, आणि शुभेच्छा. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं अर्धं रामायण त्यातूनच आहे.

आता 'सर'. नाईट झालेल्या माणसाला 'सर' म्हणतात, पण तो मान त्याच्याबरोबरच संपतो. बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर'. पैशांची नड होती म्हणून पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये ही पदवी काढली आणि १,०९५ पौंडांना विकली. बॅरोनेटलाही लॉर्ड्समध्ये जागा नाही, तो जेंट्रीतच मोडतो. हे दोन्ही प्रकार मुंबईकरांच्या ओळखीचे आहेत. जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं, ते जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये नाईट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. म्हणून त्यांच्या पुढच्या पिढ्यांतही 'सर' चालत राहिलं.

पंधरा वर्षांचा नवरा, तेरा वर्षांची नवरी

आपल्या गोष्टीतला राजकारणी म्हणजे राल्फ व्हर्नी. जन्म १६१३. बाप सर एडमंड हा पहिल्या चार्ल्स राजाच्या पदरचा. चार्ल्स राजपुत्र होता तेव्हापासूनचा. पुढे दरबाराच्या परिसरात शांतता राखणारा 'नाईट मार्शल' झाला. दरबारात राहायचं म्हणजे खर्च आला, आणि दहा मुलं: चार मुलगे, सहा मुली. अशा घराला थोरल्यासाठी पैसेवाली सून हवी असते.

ती मिळाली ॲबिंग्डनमध्ये. मेरी ब्लॅकनॉल ही वकिलाची मुलगी. १६२५ मध्ये तिचे आईबाप एकाच दिवशी वारले. नऊ वर्षांची पोर, मागे बऱ्यापैकी जमीन. अशा पोरक्या वारसाचं काय करायचं हे तेव्हा राजा ठरवायचा. ज्या जमिनी जुन्या काळी लष्करी चाकरीच्या बोलीवर दिल्या गेल्या होत्या, त्यांचा वारस अज्ञान असला तर त्याचं पालकत्व राजाकडे जायचं. त्यासाठी कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाची कचेरी होती. ही कचेरी पालकत्व विकायची. विकत घेणारा वारसाचं लग्नही लावून देऊ शकत असे.

कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे नाव आपल्याकडच्या जुन्या इनामदार घरांनी ऐकलेलं असेल. मुंबई इलाख्यात १९०५ चा त्याच नावाचा कायदा होता आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सरकार सांभाळायचं. नाव तेच, पण हेतू वेगळा. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात ते राजाच्या तिजोरीचं साधन होतं. १६४६ मध्ये पार्लमेंटने ते बंद केलं, तेव्हा त्याच्यासाठी फारसं कुणी रडलं नाही.

मेरीच्या नातेवाइकांनी मोठी रक्कम मोजून तिचं पालकत्व घेतलं. त्यातल्या एका मामा-काकाने तिला आपल्याच मुलाच्या गळ्यात बांधायचा प्रयत्नही केला. तो फसला. १६२९ मध्ये सर एडमंडने सौदा जमवला आणि राल्फ-मेरीचं लग्न लागलं. तो पंधरा वर्षांचा, ती तेरा. लग्नानंतर नवरदेव ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि नवरी दोनेक वर्षांनी सासरी नांदायला आली. व्यवहारातून ठरलेलं हे लग्न पुढे इतकं घट्ट निघेल असं त्या दिवशी कुणी म्हटलं नसतं.

बापलेक एकाच सभागृहात

चार्ल्सने अकरा वर्षं पार्लमेंट न बोलावता राज्य केलं. शेवटी स्कॉटलंडशी लढायला पैसे हवे झाले आणि १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावंच लागलं. वायकम शहरातून सर एडमंड निवडून आला, एल्सबरीतून राल्फ. बापलेक एकाच सभागृहात बसू लागले.

राल्फची एक सवय आपल्या कामाची ठरली. तो बसल्या जागी, घडी घातलेल्या कागदांवर, पेन्सिलीने टिपणं काढायचा. ४ जानेवारी १६४२ ला पाच सभासदांना पकडायला राजा स्वतः हत्यारबंद माणसं घेऊन कॉमन्समध्ये आला. तेव्हाचं एक महत्त्वाचं डोळ्यांदेखतचं टिपण याच पेन्सिलीचं आहे. राजाने सभापतींना विचारलं, ते पाच जण कुठे आहेत? सभापती गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, या सभागृहाच्या आज्ञेवाचून मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. पाखरं आधीच उडाली होती.

भांडण कशाचं होतं? थोडक्यात सांगायचं तर कर कुणाच्या संमतीने लावायचा, चर्च कसं चालवायचं आणि फौज कुणाच्या हुकमात राहायची, याचं. राल्फ पार्लमेंटच्या बाजूचा. गंमत अशी की बापही मनाने तिकडचाच. त्याला राजाचा हट्ट पटत नव्हता. पण ऑगस्ट १६४२ मध्ये नॉटिंगहॅमला राजाने युद्धाचं निशाण उभारलं, तेव्हा ते धरायचा मान सर एडमंडला मिळाला. एडवर्ड हाइड या मित्राशी बोलताना तो जे म्हणाला, ते हाइडने लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा: तुम्ही सुखी आहात, कारण राजाचं बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं. मला हे भांडण आवडत नाही. राजाने मान्य करावं असंच मला वाटतं. पण मी जवळजवळ तीस वर्षं त्याचं अन्न खाल्लं आहे. आता त्याला सोडून जाण्याचा नीचपणा माझ्याने होणार नाही. यात माझा जीव जाणार हे मला ठाऊक आहे.

खाल्ल्या मिठाला जागणं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन महिन्यांनी, २३ ऑक्टोबरला, एजहिलच्या लढाईत तो निशाण धरूनच पडला. प्रेत सापडलं नाही. निशाणाच्या काठीला घट्ट धरलेला हात तेवढा सापडला आणि बोटात राजाच्या चित्राची अंगठी होती, अशी आख्यायिका घराण्यात सांगतात. अंगठी खरी आहे, हाताबद्दल ज्याने त्याने ठरवावं.

पण दोन्हीकडे माणसं ठेवणं ही चलाखीच ना?

हा संशय हमखास येतो. एक इकडे, एक तिकडे, कुणीही जिंको, जमीन घरातच. असं करणारी घरं असतीलही. व्हर्नींच्या बाबतीत मात्र कागद वेगळं सांगतात.

राल्फचा धाकटा भाऊ एडमंड राजाच्या फौजेत होता. सप्टेंबर १६४२ मध्ये त्याने राल्फला लिहिलं, तू फार अशोभनीय वागलास, वडील आणि मी तुझ्यावर इतकं प्रेम करतो आणि आम्हालाच तुझे शत्रू व्हावं लागावं याने माझं काळीज तुटतं. पत्र सार्वजनिक करायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. नाटक करायला प्रेक्षक लागतात. हे दोघे भाऊ पुढे सावरले, पुन्हा प्रेमाने लिहू लागले, आणि १६४९ मध्ये आयर्लंडातल्या ड्रोहेडा इथे शहर पडल्यानंतर धाकट्याला मारण्यात आलं. तेही लढाईच्या धुमश्चक्रीत नव्हे, नंतर, बाजूला बोलावून.

दुसरं म्हणजे, हा विमा असेल तर फारच वाईट विमा म्हणायचा. बाप राजापायी गेला, आणि जमीन जप्त केली ती जिंकणाऱ्या पार्लमेंटने, स्वतःच्याच सभासदाची!

स्वपक्षाच्याच सभासदाची जप्ती?

१६४३ मध्ये पार्लमेंटला युद्ध जड जाऊ लागलं. त्याने स्कॉटलंडची मदत मागितली. स्कॉटांची अट होती की इंग्लंडचं चर्चही आमच्या वळणावर न्यायचं. हा करार एका शपथेच्या रूपात आला आणि प्रत्येक सभासदाने ती घ्यावी असं ठरलं. राल्फला ती घेववेना. राजाविरुद्ध मत देणं वेगळं आणि न पटणारी गोष्ट देवाला साक्ष ठेवून कबूल करणं वेगळं, असा त्याचा पेच. सही करून मोकळे होणारे पुष्कळ होते. राल्फ अशा बाबतीत चिकट होता. तो गुपचूप बायकामुलांसह फ्रान्सला निघून गेला आणि ब्लवा या गावी राहिला. थोरला मुलगा 'मन' (हे त्याचं घरातलं हाकेचं नाव) आणि मुलगी पेग बरोबर. धाकटा जॅक तीनेक वर्षांचा होता, त्याला क्लेडनला आत्यांजवळ ठेवलं.

१६४५ मध्ये गैरहजेरीबद्दल त्याचं सभासदत्व गेलं. पाठोपाठ इस्टेटीवर टाच आली. या कारवाईला 'सीक्वेस्ट्रेशन' म्हणत. आपण सरळ जप्ती म्हणू. जमीन नावावरच राहते, पण खंड सरकार गोळा करतं. राजाच्या बाजूने लढलेल्यांसाठी हे हत्यार होतं. राल्फ एकदाही राजाच्या बाजूने लढला नव्हता. तो फक्त हजर नव्हता. पण कचेरीला बारकावे कळत नाहीत, तिला रकाने कळतात.

बायको कचेरीत, नवरा परदेशात

इथे माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक पुढे येतो, आणि तो राल्फ नव्हे.

राल्फचा एक मामा होता, डॉक्टर विल्यम डेंटन, राल्फच्या आईचा भाऊ. त्याने लंडनहून सल्ला पाठवला: बायका आत्ताइतक्या उपयोगी कधीच नव्हत्या. शहाणे लोक करतात तसं करा, बायकोला सगळं पढवा आणि कमिट्यांपुढे तिलाच उभी करा. नवरा आला तर तो 'गुन्हेगार' म्हणून अडकणार. बाई आली तर दया, माणुसकी, लाज या सगळ्याचा थोडाथोडा उपयोग होणार.

कायद्याने पाहिलं तर हे उफराटं होतं. लग्न झालेल्या बाईला स्वतःची अशी मालमत्ता नव्हती. मेरीच्या माहेरची जमीनही लग्नानंतर नवऱ्याच्या हाती आली होती आणि जप्तीत सापडली होती. जिच्या नावावर काही नाही तिनेच सगळं सोडवून आणायचं.

१६४६ च्या हिवाळ्यात मेरी लंडनला आली. दिवस गेलेले. तब्येत नाजूक. मग सुरू झाले हेलपाटे. आधी परगण्याच्या कमिटीकडून दाखला, की जप्ती नेमकी कशासाठी झाली. त्यात 'फक्त गैरहजेरी' एवढंच लिहून घ्यायचं, दुसरा कुठलाही आरोप त्यात शिरू द्यायचा नाही. मग तो कागद सभागृहात. तिथून मोठ्या कमिटीकडे. सभासदांना गाठायचं, त्यांच्या बायकांना भेटायचं, योग्य ठिकाणी योग्य भेटवस्तू. ज्यांनी तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत एका उताऱ्यासाठी चपला झिजवल्या आहेत, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

ब्लवाहून राल्फची पत्रं आठवड्याच्या टपालाने यायची. प्रेमळ होती, पण त्यांत हिशेबनीसही लपलेला होता. मी अमुक विचारलं होतं त्याचं उत्तर का नाही, तमुक मुद्दा तू गाळलास, अशी तो तिला टोचणी लावायचा. ती बिचारी दिवसभर कमिट्यांच्या दारात आणि रात्री नवऱ्याच्या प्रश्नपत्रिका सोडवत बसलेली. मला राल्फ आवडतो, पण या पत्रांत त्याचा राग येतो.

जून १६४७ मध्ये तिला मुलगा झाला. नाव राल्फच ठेवलं. त्या उन्हाळ्यात ती क्लेडनच्या घरी गेली. तिने जे पाहिलं ते नवऱ्याला कळवलं. पिसांच्या गाद्या भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या, त्या उंदरांनी खाल्लेल्या. स्वयंपाकघरातल्या मांस भाजायच्या सळया गंजून गेलेल्या. आणि चार वर्षांनी दिसलेला जॅक: हुशार, बडबड्या, पण पाय पार वाकडे. मुडदूस असावा. आईने त्याला तिथे ठेवायचं नाही असं ठरवलं.

मग तो ऑक्टोबर. तान्हं बाळ क्लेडनला गेलं. साधारण त्याच सुमाराला ब्लवाला पेग गेली, आठ वर्षांची. राल्फने डॉक्टर डेंटनला कळवलं, माझी पेग सुखी झाली, पण मी मात्र तुमचा अत्यंत दुःखी सेवक आहे. मेरीला दोन्ही बातम्या लंडनमध्ये कळल्या, नवरा जवळ नसताना. दोन रात्री ती वातात बरळत होती. आणि तरी ती परत कमिटीपुढे उभी राहिली. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली.

जॅकला घेऊन ती फ्रान्सला परतली. संसाराला दोन वर्षं मिळाली. मे १६५० मध्ये ब्लवाला ती वारली, वय चौतिशीच्या आसपास. राल्फने तिचा देह मसाले भरून क्लेडनला पाठवला. तो आणखी शेहेचाळीस वर्षं जगला. दुसरं लग्न केलं नाही.

धाकट्यांच्या वाट्याला काय?

थोरल्याला सगळं, हे मघाशी सांगितलं. आता त्याचं बिल बघा.

टॉम, राल्फच्या पाठचा. त्याला व्हर्जिनियाला पाठवून पाहिलं, मग बार्बाडोसला. बार्बाडोसहून १६३९ मध्ये त्याने तिथली झाडं-फळं-हवा यांचं सुरेख वर्णन लिहिलं, आणि पैसेही मागितले. उरलेलं आयुष्य त्याने पैसे मागण्यातच घालवलं. कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या केल्या. त्याची आर्जवाची पत्रं वाचली तर भाषेवर हुकूमत होती हे कबूल करावं लागतं. राल्फ चिडायचा, नकार द्यायचा आणि शेवटी काहीतरी पाठवायचा. टॉम नव्वदी ओलांडून १७०७ मध्ये गेला, बहुतेक शहाण्या भावंडांच्या नंतर.

बहिणींचं जास्त वाईट झालं. त्यांच्या हुंड्याची तरतूद बापाने केली होती ती राजाकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर. युद्धात राजाचंच उत्पन्न गेलं. भाऊ परदेशात, जमीन जप्त, आणि क्लेडनच्या घरात पाच मुली लग्नाच्या. सुझन शेवटी एका विधुराशी बोहल्यावर चढली, तो कर्जापायी फ्लीट तुरुंगात होता. बेटीने पुढे घरच्यांना न विचारता एका गरीब पाद्र्याशी लग्न केलं. कॅरीचा नवरा लढाईत गेला, पोटात मूल असताना सासरच्यांनी तिला नीट वागवलं नाही आणि ती माहेरी आली. आपल्याकडे 'माहेरी परत आली' या तीन शब्दांत जेवढं असतं, तेवढं सगळं त्यात आलं.

आजोळचं हिल्सडेनचं घर तर १६४४ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने वेढा घालून जाळलं. आणि एक विलक्षण गोष्ट सांगतो. वेढा घालणाऱ्यांतला कॅप्टन ॲबरक्रॉम्बी त्याच घरातल्या सुझॅना डेंटनच्या प्रेमात पडला. काही महिन्यांत लग्न. वर्षभरात तोही मारला गेला. पुरला हिल्सडेनलाच, सासरवाडीच्या गावात.

ही गोष्ट घरमालकांचीच झाली. मग कुळांचं काय?

हा आक्षेप मला मान्य आहे. पत्रं लिहिणारे लिहू शकणारे होते. कुळं दिसतात ती बहुतेक खंडाच्या थकबाकीत.

राल्फ १६५३ च्या सुरुवातीला परतला. डोक्यावर बापाचं कर्ज, बहिणींची देणी. १६५५ मध्ये क्रॉमवेलच्या, म्हणजे राजाला हरवणाऱ्या पार्लमेंटच्या सेनापतीच्या, राजवटीने त्याला राजाचा माणूस समजून काही महिने लंडनमध्ये कैदेत ठेवलं. राजपक्षीयांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा खास कर बसला, तोही त्याच्यावर लागला. मी कधी राजाकडून लढलोच नाही, हे त्याचं म्हणणं पुन्हा कुणी ऐकलं नाही. कर्ज फेडायला त्याने जमिनीकडेच बघितलं. मिडल क्लेडनच्या शिवारात सगळ्यांचे पट्टे एकमेकांत मिसळलेले असायचे, काही चराई सामाईक असायची. १६५० च्या दशकात ते कुंपणं घालून तोडलं गेलं आणि नांगराच्या जागी गवत आलं. कुरणाचं भाडं जास्त, कटकट कमी. पण गवताला राखायला फारशी माणसं लागत नाहीत. जो गायराना-सामाईक रानावर जगत होता त्याचं काय झालं, याची तीस हजार पत्रं कुणी जपून ठेवलेली नाहीत.

पण एवढे कागद टिकले कसे?

राल्फ आलेलं पत्र ठेवायचा आणि आपण पाठवलेल्या पत्राचा कच्चा खर्डाही ठेवायचा. म्हणून संवादाच्या दोन्ही बाजू हाती लागतात. पुढच्या पिढ्यांनी ते बाड वर कुठेतरी टाकून ठेवलं, आणि टाकून ठेवणं हीही एक प्रकारची जपणूकच. एकोणिसाव्या शतकात पार्थेनोप व्हर्नी या सुनेने ते लावायला घेतलं. ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलची थोरली बहीण. तिचा नवरा सर हॅरी मात्र रक्ताचा व्हर्नी नव्हता. तो कॅल्व्हर्ट. मूळ वंश खुंटला होता, इस्टेट दूरच्या नात्याने त्याच्याकडे आली आणि त्याने आडनाव बदललं. दत्तक विधानाची आपल्याला सवय आहे, तेव्हा हे समजायला कठीण नाही.

पदव्यांचा घोळ, शेवटचा एकदा

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला. १६६१ मध्ये त्याने राल्फला बॅरोनेट केलं. ज्याने बापाच्या राजाविरुद्ध मत दिलं होतं, त्यालाच. बापाच्या मरणाची पुण्याई, आणखी काय. त्याच वर्षी याच राजाने पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्नाचा तह केला आणि आंदणात त्याला मुंबई मिळाली. राल्फ उतारवयात बकिंगहॅममधून तीनदा पुन्हा निवडून आला आणि १६९६ मध्ये, ब्याऐंशी वर्षांचा होऊन, गेला.

वारस कोण? थोरला 'मन'. त्याचं लग्न शेजारच्या ईस्ट क्लेडनच्या वारसदारणीशी लावून दिलं होतं, जमिनीला जमीन लागावी म्हणून. लग्नानंतर लवकरच तिच्या मनाचा तोल गेला. 'मन' १६८८ मध्ये बापाआधीच गेला, त्याचे दोन मुलगेही चार वर्षांच्या आत गेले.

उरला जॅक. वाकड्या पायांचा, पहिल्या वेळी फ्रान्सला न नेलेला. धाकटा म्हणून त्याला जमिनीची आशाच नव्हती, तेव्हा त्याने स्वतःहून व्यापार धरला. लंडनच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली आणि सीरियातल्या आलेप्पोत बारा वर्षं काढली. परत येऊन पैसा मिळवला. गुलामांच्या व्यापारात असलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या कारभारातही तो होता. पंचावन्नाव्या वर्षी तो अचानक सर जॉन, क्लेडनचा धनी झाला. १७०३ मध्ये व्हायकाउंट फरमॅना, म्हणजे चक्क लॉर्ड. आणि १७१० मध्ये बकिंगहॅमशायरमधून निवडून आला तो कॉमन्समध्ये.

स्नेह्यांना इथपर्यंत सांगितलं तेव्हा त्यांनी मला अडवलं. "लॉर्ड झाला तर कॉमन्समध्ये कसा?"

"पदवी आयर्लंडची होती. त्यावर इंग्लंडच्या लॉर्ड्समध्ये बसता येत नसे."

"म्हणजे लॉर्ड, पण जेंट्रीच?"

मी चहा मागवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.